विष्णु दिगंबरांचा ताळेबंद

बीड जिल्ह्याला कलेचे वावडे कधीच नव्हते. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी चारशे वर्षांपूर्वी कापडाच्या पासोडीवर तत्त्वविचार लिहून काढला आणि पदेही रचली. गावोगावच्या सप्ताहांतून टाळ-मृदंग आजही घुमतो. तथापि गाणे असणे वेगळे आणि गाणे शिकविणारी संस्था टिकणे वेगळे. तालुक्याच्या गावी दोन खोल्या भाड्याने घेऊन संगीताचा वर्ग चालविणाऱ्या शिक्षकाची पहिली विवंचना रागदारीची नसते. ती असते जागेच्या भाड्याची, तबल्याच्या पुडीची, पेटीच्या दुरुस्तीची आणि साथीदाराच्या मानधनाची. पाऊस हुकला की फी थकते. ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडली की वर्गातील जागा रिकाम्या होतात. अनुदान मंजूर झाले तरी ते हाती पडेपर्यंत अनेकदा वर्ष उलटून जाते.

ही विवंचना आजची नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी एका मराठी गवयाने ती आपल्या डोक्यावर घेतली आणि तीस वर्षे वाहिली. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे स्मरण आपल्याकडे थोर गायक, रामभक्त आणि संगीताचे प्रचारक म्हणून केले जाते व ते योग्यच आहे. परंतु संगीताची संस्था राजाच्या मर्जीवर नव्हे, तर लोकांच्या पैशावर चालविण्याचा मोठा प्रयोग करणारे संस्थाचालक म्हणून त्यांच्याकडे क्वचितच पाहिले जाते. त्या प्रयोगात त्यांनी इमारत गमावली आणि कर्जापायी अपयश पदरी घेतले. त्या अपयशाचा हिशेब नीट मांडला, तर तो आजच्या प्रत्येक लहान कलासंस्थेच्या उपयोगी पडण्यासारखा आहे.

विष्णु दिगंबरांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते. बालपणीच शोभेच्या दारूचा स्फोट तोंडाजवळ होऊन या मुलाच्या दृष्टीला कायमची इजा झाली. उपचारासाठी त्याला मिरजेस नेण्यात आले. दृष्टी पूर्ववत झाली नाही, परंतु गळा चांगला असल्याचे ध्यानात आले आणि मिरजेच्या अधिपतींच्या आश्रयाने तो बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकू लागला. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजविणारे हे गुरू. त्यांच्यापाशी विष्णु दिगंबरांनी कठोर तालीम घेतली.

मिरजेच्या त्या वर्षांत त्यांनी गाणे जसे आत्मसात केले, तसेच राजाश्रयाचे स्वरूपही जवळून पाहिले. असे सांगितले जाते की, एका समारंभाचे निमंत्रण त्यांना आले, परंतु त्यांच्या गुरूंना आले नाही. कारण गुरू झाले तरी ते शेवटी गवई होते. ही गोष्ट तरुण शिष्याच्या मनाला लागली. कलावंताला अन्न मिळते, वस्त्र मिळते, प्रसंगी शालही मिळते. मात्र सन्मान मिळेलच अशी शाश्वती नाही, आणि जे मिळते ते देणाऱ्याच्या लहरीवर अवलंबून असते, हा धडा त्यांनी तेथे घेतला. १८९६ साली त्यांनी मिरज सोडले. पुढील पाच वर्षे सातारा, बडोदे, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली अशी भ्रमंती करीत ते पंजाबात पोहोचले. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. दरबार आणि देवालय यांच्या बाहेर, पैसे मोजून येणाऱ्या सामान्य श्रोत्यापुढे शास्त्रोक्त गाणे मांडण्याची ती कल्पना त्या काळी धाडसाची होती. श्रोता हाच आश्रयदाता होऊ शकतो, ही त्यांच्या पुढील सर्व अर्थकारणाची मूळ कल्पना त्या तिकिटात होती.

५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना झाली. संगीताच्या शाळा त्यापूर्वी देशात नव्हत्या असे नाही. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांची शाळा १८८६ पासून चालत होती. परंतु तिचा खर्च संस्थानाच्या खजिन्यातून होई. लाहोरच्या शाळेमागे कोणताही खजिना नव्हता. फी, देणग्या आणि स्वतः पंडितजींच्या जलशांचे उत्पन्न एवढ्याच तीन झऱ्यांवर ती उभी राहावयाची होती. आरंभी विद्यार्थी फारसे आले नाहीत. संस्था सुरू होऊन थोडे दिवस होतात न होतात तोच वडिलांच्या निधनाची वार्ता आली. तरीही ते काम टाकून गावी परतले नाहीत. हळूहळू शहरातील सुशिक्षितांचा विश्वास बसला आणि वर्ग भरू लागले.

या शाळेची घडण पाहिली म्हणजे विष्णु दिगंबरांच्या व्यवहारबुद्धीचे कौतुक वाटते. घराणेदार उस्तादाच्या घरी चालणाऱ्या अनियमित तालमीच्या जागी त्यांनी वेळापत्रक, अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्र आणले. गाणे कागदावर उतरविण्यासाठी स्वतःची स्वरलिपी तयार केली, क्रमिक पुस्तके लिहिली आणि ती छापण्यासाठी संस्थेचा छापखाना काढला. ‘संगीत अमृत प्रवाह’ हे मासिक चालविले. वाद्यांच्या दुरुस्तीची सोयही संस्थेतच केली. पुस्तकविक्रीचे पैसे संस्थेत यावेत, बाहेर जाणारा खर्च शक्य तेवढा घरातच राहावा, असा हा विचार होता. आजच्या भाषेत बोलावयाचे तर उत्पन्नाची साधने एकाहून अधिक असावीत हे तत्त्व त्यांनी कोणत्याही पुस्तकातून न शिकता अमलात आणले.

त्याहून महत्त्वाची होती उपदेशकांची योजना. फी भरून येणारे विद्यार्थी हौसेपुरते शिकून जात. पुढे शिकविण्याचे काम हाती घेतील अशी माणसे तयार करावयाची, तर त्यांना दीर्घकाळ सांभाळणे भाग होते. म्हणून निवडक मुलांना नऊ वर्षांच्या कराराने ठेवून घेऊन त्यांचे जेवणखाण, निवास आणि शिक्षण संस्थेने करावे, असे ठरले. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायण मोरेश्वर खरे, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही मंडळी पंडितजींच्या शिष्यशाखेतीलच. हिशेबाच्या वहीत हा सारा खर्चच दिसणार. नऊ वर्षे एका मुलाला जेवू घालणे म्हणजे नऊ वर्षे खर्चाच्या बाजूला आकडे चढविणे. जमेच्या बाजूला त्याची नोंद करण्याची सोय जमाखर्चाच्या शास्त्रात नाही.

१९०८ साली पंडितजींनी मुंबईत महाविद्यालय सुरू केले आणि कार्याचे केंद्र तेथे हलविले. मुंबईने त्यांना हात दिला. व्यापारी, वकील, डॉक्टर यांच्या घरची मुले आणि मुलीही शिकू लागल्या. भाड्याच्या जागा अपुऱ्या पडू लागल्या. वसतिगृह, सभागृह, छापखाना आणि वर्ग हे सर्व एका छताखाली आणणारी स्वतःची वास्तू असावी, हे स्वप्न साहजिकच पडले. सँडहर्स्ट रोडवर, म्हणजे आजच्या सरदार वल्लभभाई पटेल मार्गावर, ती वास्तू १९१५ च्या सुमारास उभी राहिली. संगीताच्या संस्थेची अशी स्वतंत्र इमारत हा त्या काळी मराठी माणसाला अभिमानाचा विषय होता.

परंतु ती इमारत कर्जावर उभी होती. येथूनच या चरित्राला कलाटणी मिळाली. देणग्या येत होत्या, तथापि त्या इमारतीच्या खर्चाला पुरणाऱ्या नव्हत्या. उरलेली रक्कम व्याजाने घेतली गेली. हे व्याज कशातून फेडावयाचे? फीच्या उत्पन्नातून शिक्षकांचे वेतन आणि वसतिगृहाचा खर्चच कसाबसा भागणार. म्हणजे व्याजाचा भार पडला पंडितजींच्या गळ्यावर. ते गावोगाव दौरे काढीत, जलसे करीत आणि मिळेल ते आणून संस्थेत ओतीत. स्वतःसाठी त्यांनी काही राखून ठेवले नाही. एका माणसाचा आवाज, एका माणसाची प्रकृती आणि एका माणसाची लोकप्रियता यांवर एवढ्या मोठ्या वास्तूचे कर्ज तोललेले होते.

काळही अनुकूल राहिला नाही. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धाने महागाई वाढविली. युद्ध संपण्याच्या सुमारास इन्फ्लुएंझाची साथ आली. याच सुमारास पंडितजींनी मुंबईत संगीत परिषदा भरविण्याचे कार्यही हाती घेतले होते. परिषदा म्हणजे प्रतिष्ठा, परंतु परिषदा म्हणजे खर्चही. राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांतून ते गात. १९२३ च्या काकिनाडा अधिवेशनात ‘वंदे मातरम्’ गाण्यास अध्यक्षांकडून हरकत घेतली गेली असता त्यांनी ते निर्धाराने पूर्ण गाइले, ही घटना प्रसिद्ध आहे. हे सारे कार्य थोर होते, पण ते मिळकतीचे नव्हते. पुढे तर त्यांचे मन मैफलीकडून रामभक्तीकडे अधिकाधिक वळले. तुलसीदासांच्या रामायणावर ते प्रवचने करू लागले. साधकाच्या दृष्टीने ही उन्नती होती. कर्जदाराच्या दृष्टीने मात्र उत्पन्नाचा मुख्य झराच आटत चालला होता.

व्हावयाचे ते झाले. १९२४ च्या सुमारास कर्जवसुलीपायी ती वास्तू लिलावात गेली. वीस-बावीस वर्षांच्या कष्टांचे दृश्य फळ हातोड्याच्या एका ठोक्यासरशी परक्याचे झाले. पंडितजी नाशिकला पंचवटीत गेले. तेथे रामनाम आधार आश्रमात त्यांनी मोजक्या शिष्यांसह भजन, प्रवचन आणि अध्यापन चालू ठेवले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी, जेथे त्यांच्या गाण्याचा आरंभ झाला त्या मिरजेतच त्यांचे निधन झाले.

या लिलावाकडे आपल्याकडे दोन प्रकारे पाहिले जाते. कोणी म्हणतात की, त्यागी माणसाला पैशाचा हिशेब काय कळणार. कोणी समाजाच्या कृतघ्नतेला दोष देऊन मोकळे होतात. दोन्ही उत्तरे सोपी आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. छापखाना, मासिक, पुस्तके आणि तिकिटाचा जलसा उभा करणाऱ्या माणसाला व्यवहार कळत नव्हता, असे म्हणता येत नाही. आणि ज्या समाजाने वीस वर्षे फी, देणग्या व तिकिटे यांच्या रूपाने संस्थेला जगविले, त्याला सरसकट कृतघ्न ठरविणेही न्याय्य नाही. चूक अधिक नेमकी होती. कायमचा बोजा अनिश्चित उत्पन्नावर टाकला गेला. संस्थेची पत म्हणजे पंडितजींची पत, असे समीकरण झाले. वाईट वर्षासाठी राखीव निधी राहिला नाही. आणि संस्थापक दौऱ्यावर असता किंवा त्याचे चित्त अन्यत्र गुंतले असता आर्थिक बाजू सांभाळणारी दुसरी फळी तयार झाली नाही.

याच काळात दुसरा एक मराठी माणूस वेगळ्या वाटेने चालला होता. विष्णु नारायण भातखंडे हे व्यवसायाने वकील. त्यांनी स्वतःच्या नावावर संस्थेचे कर्ज काढले नाही. त्यांनी राजे आणि सरकार यांना संगीताच्या शिक्षणाची जबाबदारी पटवून दिली. १९१६ साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय परिषद भरली, १९१८ साली ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय निघाले आणि १९२६ साली लखनौला मॅरिस कॉलेज सुरू झाले. प्रांताच्या गव्हर्नरचे नाव धारण करणारे हे विद्यालय पुढे भातखंड्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले आणि आज ते राज्य विद्यापीठ आहे. राजाश्रय आणि सरकारी अनुदान यांनी त्या संस्थांना असे स्थैर्य दिले, जे सँडहर्स्ट रोडला लाभले नाही. परंतु अनुदानाबरोबर देणाऱ्याचे नियम आणि देणाऱ्याची इच्छाही येते, हेही खरे. मिरज सोडताना विष्णु दिगंबरांनी ज्या परावलंबनाकडे पाठ फिरविली, ते सौम्य रूपाने येथे कायम होते. दोन विष्णूंच्या या दोन वाटा होत्या. एकीत स्वातंत्र्य होते, पण आधार नव्हता. दुसरीत आधार होता, पण पूर्ण स्वातंत्र्य नव्हते. प्रत्येक कलासंस्थेला आजही या दोहोंमधूनच मार्ग काढावा लागतो.

विष्णु दिगंबरांच्या निधनानंतर जे घडले, ते या कथेतील सर्वांत बोधप्रद प्रकरण आहे. त्याच १९३१ साली त्यांचे शिष्य अहमदाबाद येथे एकत्र आले आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना झाली. कोणा एका शिष्याने गुरूची गादी चालवावी असे न ठरता, सर्वांनी मिळून एक मंडळ चालवावे असे ठरले. पुढच्याच वर्षी विनायकराव पटवर्धनांनी पुण्यास गांधर्व महाविद्यालय उभे केले. देवधरांची शाळा मुंबईत चालू होतीच. खरे गुरुजींनी साबरमतीच्या आश्रमात प्रार्थनेला स्वर दिला. ओंकारनाथांनी पुढे काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे अध्यापन प्रतिष्ठित केले. अपत्यांपैकी एकटेच जगलेले पंडितजींचे पुत्र दत्तात्रेय वडिलांच्या निधनसमयी अवघे दहा वर्षांचे होते. त्यांच्यासाठी मागे इस्टेट नव्हती, पण वडिलांचे शिष्य होते. त्यांनीच त्यांना घडविले आणि द. वि. पलुस्कर हे नाव पुढे घरोघर पोहोचले.

मंडळाच्या अर्थव्यवस्थेत गुरूच्या चुकीची दुरुस्ती दडलेली आहे. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा पायऱ्यांनी परीक्षा घ्यावयाच्या. शिकविणारा शिक्षक आपल्या गावी, आपल्या जागेत शिकवील. मंडळ अभ्यासक्रम, परीक्षक आणि प्रमाणपत्र देईल. प्रत्येक विद्यार्थी थोडी परीक्षा-फी भरील. म्हणजे उत्पन्न एका गळ्यातून नव्हे, तर असंख्य लहान हातांतून येणार. एका गावी दुष्काळ पडला तरी दुसऱ्या गावची फी थांबत नाही. एक गायक आजारी पडला तरी मंडळाचे काम अडत नाही. प्रत्येक गावी सँडहर्स्ट रोडसारखी इमारत उभारण्याची गरजही राहत नाही.

बीडसारख्या जिल्ह्यातील संस्थांना या चरित्रातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. निजामी राजवटीत स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा लोकाश्रयावर उभी ठेवली, हा वारसा येथल्या मातीतच आहे. पुढे शासनाचे अनुदान आले, १९५३ साली दिल्लीत संगीत नाटक अकादमीचे कार्य सुरू झाले, विश्वस्त संस्थांसाठी १९५० च्या कायद्याने नोंदणी व हिशेबतपासणीची शिस्त घालून दिली. साधने वाढली, पण मूळ नियम बदलले नाहीत. अनुदान हे ज्या कामासाठी मिळाले त्याच कामावर खर्चावे लागते. कार्यक्रमासाठी आलेल्या रकमेतून थकलेले भाडे भागविले, की उपयोगिता प्रमाणपत्र देताना संस्था अडचणीत येते आणि पुढचा हप्ता थांबतो. अनुदान बहुधा उशिरा येते. म्हणून चार-सहा महिन्यांचा नित्य खर्च भागेल एवढी रक्कम बाजूला असल्याखेरीज त्याच्या भरवशावर कोणाला वेतनाचे वचन देऊ नये. इमारतीसाठी जमविलेला निधी आणि रोजचा खर्च यांची खाती वेगळी ठेवावीत. हातात नसलेल्या देणगीवर पाया खणू नये. आणि संस्थापक कितीही थोर असला तरी वही दुसऱ्याच्या हाती असावी आणि ती दरसाल सभासदांपुढे वाचली जावी.

यावर असे म्हटले जाईल की, एवढा हिशेब करीत बसले असते तर विष्णु दिगंबर लाहोरला गेलेच नसते. यात तथ्य आहे. धाडसावाचून संस्था जन्मत नाहीत. परंतु जन्माला घालणे आणि जगविणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि एकाच माणसाने दोन्ही करावीत ही अपेक्षा समाजाने ठेवणे हाच खरा अन्याय होय. पंडितजींच्या शेजारी एक निष्णात, निर्भीड चिटणीस आणि विश्वस्तांचे जागरूक मंडळ असते, तर कदाचित ती वास्तू वाचली असती. गावातील निवृत्त मुख्याध्यापक, बँकेतील लेखनिक, वाणिज्य शाखेचा विद्यार्थी यांना गाता येत नसेल. पण संगीताच्या वर्गाची वही त्यांना लिहिता येते. ती सेवा तानपुऱ्याच्या साथीइतकीच मोलाची आहे.

१९२४ च्या लिलावात घेणेकऱ्यांना जे विकता आले, ते त्यांनी विकले. नऊ नऊ वर्षे जेवू घालून तयार केलेली माणसे मात्र त्या जप्तीच्या यादीत नव्हती. वहीत जो आयुष्यभर केवळ खर्च म्हणून मांडला गेला, तीच विष्णु दिगंबरांची खरी शिल्लक ठरली. आज एखाद्या तालुक्याच्या गावी एखादी मुलगी संगीताच्या परीक्षेचा अर्ज भरून फी जमा करते, तेव्हा त्या शिल्लकेवरचे व्याज चालू असते. ते पुढेही चालू राहावयाचे असेल, तर त्या गावच्या वर्गाचे भाडे वेळेवर गेले पाहिजे आणि त्याची वही चोख राहिली पाहिजे.